गाळणकागदावर राहिलेलं

४ फेब्रुवारी

खाडी शेवटी माझ्याच गळ्यात पडली. इतकी वर्षं नळाचं पाणी तपासलं. त्यात क्लोरीन जास्त की कमी, एवढंच बघायचं असायचं. आज साहेबांनी बोलावून घेतलं. बंदराला जहाजांची वाट खोल करायची आहे, त्यासाठी खाडीचा गाळ उपसायचा आहे आणि त्याआधी पाणी चांगलं असल्याचा दाखला हवा आहे. "तुमच्याशिवाय आहे कोण?" म्हणाले. खरंच कोणी नाही. एक जण रजेवर आहे, दुसऱ्याला होडी लागते.

नदीच्या वरच्या अंगाला खाण आहे. तांब्याची होती, बंद पडून तीन-चार वर्षं झाली. पंप थांबले, बोगदे पाण्याने भरले आणि गेल्या वर्षापासून ते पाणी डोंगराच्या पोटातून बाहेर वाहू लागलं. ते नदीत येतं, नदी खाडीत आणि खाडी समुद्रात. एवढं सगळ्यांना माहीत आहे. खाडीत आल्यावर त्याचं काय होतं, ते मी शोधायचं.

नवऱ्याला सांगितलं. तो खाडीतल्या फेरीची लाँच चालवतो. म्हणाला, "लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदाच माझ्या कामाच्या जागी येतेयस. चहा तुझ्याकडून."

६ फेब्रुवारी

पाठ मोडली आहे, पण काम झालं. खाणीच्या तोंडापासून समुद्रापर्यंतचे नमुने घेतले.

खाणीतून येणारं पाणी काचेसारखं नितळ. मी उगाच घाण, काळं काहीतरी डोळ्यांपुढे आणलं होतं. पीएच मात्र लिंबाच्या रसाच्या आसपास. नदीतले दगड विटकरी झालेत आणि काठाला शेवाळाचं बोटसुद्धा नाही. खाडीत भरतीचं पाणी भेटतं तिथे नदी अचानक गढूळते, चहात दूध नासावं तशी. त्याच्या पुढे, मुखाजवळ, पुन्हा स्वच्छ.

ती गढूळ जागा वन्संच्या वरच्या पट्टीला लागूनच आहे. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दोन पट्ट्या त्यांच्याकडे आहेत. तिथले शिंपले काढून विकायचे, हाताखाली आठ-दहा बायका. यजमान गेल्यावर त्यांनी याच चिखलातून मुलगा वाढवला. तो आता जहाजावर असतो. सून घरी, पोटुशी.

लाँच बघून वन्सं काठावर आल्या. नेहमी डबा भरून शिंपले देतात, आज उकडलेली अंडी दिली. मला म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. पोटुशीने काय खाऊ नये गं?" मी म्हटलं, सगळं खावं, लोह तर मुद्दाम जास्त घ्यावं. त्या माझ्या बाटल्यांकडे बघत राहिल्या. त्यांना वाटत असेल, हिला बरं काम मिळालंय, पाणी भरायचं.

११ फेब्रुवारी

निकाल आले. मुखाजवळच्या पाण्यात तांबं नाममात्र, शिसं तर यंत्राला दिसलंच नाही. जस्त आणि कॅडमियम थोडं आहे, पण मर्यादेच्या आत. मी दोनदा तपासलं. समुद्र मोठा आहे, पोटात घेतो, दुसरं काय. अहवाल लिहिला, सही केली. साहेब इतके खूश झाले की स्वतः उठून खिडकी उघडली.

नवऱ्याने फोनवर वन्संना सांगितलं. फोन स्पीकरवर होता. त्या म्हणाल्या, "पाणी चांगलंय म्हणतेय ना ती? बरं झालं." आवाज रडल्यासारखा वाटला. सर्दी असावी.

१४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण उद्या साहेबांपुढे मला ते बोलता यायला हवं.

प्रयोगशाळेतली केराची बादली भरली होती. शिपाई रजेवर, म्हणून मीच ओतायला नेली. वर माझेच गाळणकागद पडले होते, खाडीच्या नमुन्यांचे. आमची पद्धत अशी की नमुना आधी गाळायचा आणि खाली उतरलेलं पाणी तपासायचं. कागद फेकायचे. नदीकडचे कागद कोरे होते. गढूळ जागेचे मात्र गंजलेल्या पत्र्यासारखे तांबूस.

मी बादली हातात धरून तिथेच उभी राहिले.

आंबट पाण्यात धातू साखरेसारखे विरघळलेले असतात, म्हणून ते नितळ दिसतं आणि कागदातून सुखाने जातं. समुद्राचं पाणी भेटलं की आंबटपणा मरतो. मग त्यातलं लोखंड गंजाचे भुरे कण होऊन बाहेर पडतं आणि ते कण तांब्याला, शिशाला अंगाशी घेऊन तळाला बसतात. समुद्राने पोटात घेतलं वगैरे काही नाही. खाडीच्या चिखलाने घेतलं. पाणी स्वच्छ झालं ते चिखल घाण झाला म्हणून, आणि मी दाखला दिला पाण्याचा.

शिंपला तर पाणी गाळूनच जगतो. म्हणजे मी जे केरात टाकलं, ते तो खातो.

१५ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "अहवाल मागे घ्यायचा? चार दिवसांत? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक म्हणतील बाई चुकली, तेवढं मी सोसेन. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना फक्त बंद झालेली फाइल आवडते. शेवटी म्हणाले, "आधी पुरावा आणा. नुसते डाग दाखवू नका."

बरोबर आहे. पुरावा आणते.

२० फेब्रुवारी

कागदांवरचा गंज आम्लात विरघळवला आणि मोजला. तांबं, शिसं, आर्सेनिक, सगळी वरात हजर. गाळाचे नमुनेही घेतले. वरच्या पट्टीचा गाळ तर खाणीच्या अंगणातला वाटावा.

आता शिंपले हवे होते. वन्संना फोन केला तर म्हणाल्या, "वरच्या पट्टीवर हल्ली बायका पाठवत नाही. चिखल फार झालाय. तुला काय करायचेत?" वय झालं त्यांचं, पूर्वी गुडघाभर चिखलात हसत जायच्या. खालच्या पट्टीचे मागितले तर म्हणाल्या, सगळे विकले गेले. नवरा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः उतरला आणि दोन्ही पट्ट्यांवरचे काढून आणले. येताना लाँच वन्संच्या काठापासून लांबून आणली. पाण्यात राहून बहिणीशी वैर नको वाटत असणार त्याला.

२६ फेब्रुवारी

वरच्या पट्टीचे शिंपले खाण्याजोगे नाहीत. खालच्या पट्टीचेही नाहीत. वरचे फारच वाईट, खालचे मर्यादेच्या थोडे पुढे, पण पुढे. सगळी मोजणी पुन्हा केली. मनातून देवाला म्हणत होते, एकदा तरी माझं चुकू दे. नाही चुकलं.

खालची पट्टी तर स्वच्छ पाण्यात आहे. मग तिथे कसं? नकाशावर सगळ्या नमुन्यांचे आकडे मांडले तेव्हा कळलं. ती गढूळ जागा एकाच ठिकाणी राहत नाही. नदीला पाणी जास्त आलं, खाणीचा लोंढा वाढला, की आंबटपणा मरायला जास्त समुद्र लागतो. मग ती जागा मुखाकडे सरकते, खालच्या पट्टीवर येऊन बसते. कोरड्या दिवसांत मागे हटते. मी नेमकी कोरड्या दिवसांत नमुने घ्यायला गेले होते.

२८ फेब्रुवारी

सरकारी कागद जाण्याआधी वन्संना घरच्या माणसाने सांगावं, म्हणून गेले. नवरा म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, नको, हे माझं काम आहे.

सगळं समजावून सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही.

"म्हणजे माझा धंदा बंद," त्या म्हणाल्या.

"काही दिवस तरी, वन्सं."

"परवा म्हणालीस पाणी चांगलं आहे. आज म्हणतेस वाईट. उद्या काय म्हणशील?"

"परवा मी चुकले होते."

"मग आजही चुकली असशील!" सूप आपटलं, तांदूळ घरभर. "या चिखलाने आम्हाला जगवलं. तू आमच्या घरात आलीस तेव्हा तुझ्या अंगावरचा शालू याच चिखलातून आला होता. आणि तू त्याला विष म्हणतेस?"

सून आतून आली आणि खाली बसून दाणे वेचू लागली. मी म्हटलं, "अगं, तू नको वाकूस." तर ती हळूच म्हणाली, "मामी, मला काही होत नाही. मी तर कधीपासून..." वन्सं तिच्यावर ओरडल्या, "आत जा!" बिचारीचं वाक्य अर्धंच राहिलं. मला वाईट वाटलं. माझा राग तिच्यावर का?

निघताना वन्सं म्हणाल्या, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

नाही टाकणार. पण अहवाल जाणार.

३ मार्च

अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. पहिल्या ओळीत लिहिलं आहे की आधीचा अहवाल माझा होता आणि तो अपुरा होता. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "हात दाखवून अवलक्षण," एवढंच म्हणाले. पण पुढे पाठवला.

नवरा रोज संध्याकाळी बहिणीकडे जातो. लाँचचा दोर तिथे ठेवलाय, तो नीट करायचा असतो म्हणे. असा कोणता दोर आहे जो चार-चार दिवस नीट होत नाही? मला कळतं. बहिणीची बाजू घ्यायची असेल तर घेऊ दे. मी जेवण झाकून ठेवते.

९ मार्च

बंदराचे अभियंते येऊन गेले. हसतमुख, तरुण, घाईत. त्यांचा मुद्दा असा की गाळात विष आहे ना, मग उपसून समुद्रात लांब नेऊन टाकू. खाडी स्वच्छ होईल, वाटही खोल होईल, एका दगडात दोन पक्षी.

मला क्षणभर पटलंसुद्धा. मग वाटलं, विचारून बघावं, चिखलालाच.

बरणीत गाळ घेतला, समुद्राचं पाणी घातलं आणि हलवत ठेवला. दुसऱ्या बरणीत तोच गाळ, न हलवता. हलवलेल्या बरणीच्या पाण्यात कॅडमियम आणि जस्त चढलं. या दोघांना मिठाचं पाणी फार आवडतं, संधी मिळाली की गाळ सोडून त्याच्याबरोबर पळतात. न हलवलेली बरणी शांत होती. म्हणजे उपसा केला तर आज जे तळाशी झोपलंय ते उठून सगळ्या खाडीत फिरेल. वर खाण वाहतेच आहे, म्हणजे नवा गाळ बसतच राहणार. आगीतून फुफाट्यात.

निजलेल्याला निजू द्यावं आणि वरून येणारं थांबवावं. खाणीच्या तोंडाशीच आंबटपणा मारायचा, धातू तिथेच तळ्यांत बसवायचे. समुद्र जे करतो, ते आपण आधी, आपल्या जागेत करायचं. हे मी एका दमात सांगितलं. अभियंते म्हणाले, "मॅडम, हे सगळं सभेत सांगा." म्हणजे सभा होणार.

१७ मार्च

दोन दिवस अवकाळी पाऊस. नवऱ्याला न विचारता लाँचवर गेले, तर तो इंजिन सुरू करून वाटच बघत होता. खालच्या पट्टीवर पाणी गढूळ, तांबूस. जसं नकाशावर मांडलं होतं तसंच. माझं बरोबर निघालं याचा आनंद होईना. नवरा म्हणाला, "ताईला दाखवू का?" मी म्हटलं, बघायचं असेल तर त्यांना डोळे आहेत. माझं बोलणं जरा तोडूनच होतं.

२२ मार्च

सभा बंदराच्या कॅंटीनमध्ये झाली. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडक्यांत बसले. लाँचवाले, हमाल, शिंपलेवाल्या बायका. सगळ्यांत मागे वन्सं. नवऱ्याने त्यांना लाँचमधून आणलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी वाईट बोलले. आकडे मागेपुढे झाले. पीएच म्हटल्यावर एक जण म्हणाला, "बाई, मराठीत बोला." मी म्हटलं आंबटपणा, तर लोक हसले. मग बंदराच्या बाजूने कोणीतरी माझा पहिला अहवाल वर धरला. "ही सही कुणाची?"

"माझी."

"मग आम्ही कुठल्या बाईंवर विश्वास ठेवायचा? फेब्रुवारीच्या की मार्चच्या?"

पुन्हा हशा. मी म्हटलं, "मार्चच्या. फेब्रुवारीच्या बाईने पाणी तपासलं होतं, मार्चच्या बाईने शिंपले तपासलेत." पण ते गोंगाटात बुडालं. शिंपलेवाल्या बायकांपैकी एक जण ओरडली, "आमच्या पोटावर पाय देऊन हिला बढती हवीय!" तरी मी खाली बसले नाही. एवढंच ठरवलं होतं, बसायचं नाही.

तेवढ्यात मागून वन्संचा आवाज आला. "गप्प बसा गं."

त्या खुर्च्यांतून वाट काढत पुढे आल्या. त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, पण तोंड बायकांकडे.

"माझी सून सातव्या महिन्यात आहे," त्या म्हणाल्या. "दिवस राहिल्याचं कळल्यापासून मी तिला एक शिंपला खाऊ दिलेला नाही. वरचाही नाही, खालचाही नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. चिखलाचा रंग बदलला, शिंपल्याच्या कडा तांबड्या पडल्या, मला भीती वाटली. ही सांगायला आली तेव्हा मी हिला घालवून दिली. कारण हिचं खरं असेल तर..." त्यांनी एकेकीकडे पाहिलं. "मी माझ्या सुनेला देत नव्हते. पण बाजारात विकत होते. तिथे कुणाची सून घेत असेल?"

एकीला म्हणाल्या, "तू देतेस गं नातवाला?" ती बाई खाली बघू लागली. दुसरीला विचारलं. तीही.

"मग झालं तर," वन्सं म्हणाल्या, आणि पुढे बसलेल्या माझ्या साहेबांकडे वळल्या. "उद्यापासून माझ्या दोन्ही पट्ट्या बंद. तुमचा कागद यायचा तेव्हा येऊ दे. आणि तो गाळ ढवळू नका. एवढं पाप खाली बसलंय ते बसू दे."

त्यानंतर मी पुन्हा बोलले. या वेळी आकडे जागेवर आले आणि कोणी हसलं नाही.

घरी येताना लाँचमध्ये तिघंच होतो. वन्सं माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. उतरताना मात्र माझा हात धरून उतरल्या. मला अजून उमगत नाही, ज्या बाईने मला घराबाहेर काढलं तिचं मन असं एकाएकी कसं बदललं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दोर नीट झाला." याला कधी सरळ उत्तर देता येत नाही.

१२ एप्रिल

गाळ उपसणं स्थगित. खाणीच्या तोंडाशी चाचणी करायला परवानगी मिळाली. खाणीवर आता एकच माणूस उरलाय, पहारेकरी म्हणा, व्यवस्थापक म्हणा. म्हणाला, "करा काय करायचंय ते. मला तेवढीच सोबत."

चर खणला, त्यात चुनखडीचे दगड भरले आणि पाणी त्यातून सोडलं. आंबटपणा झपाट्याने उतरला. शिंपलेवाल्या बायका दगड भरायला आल्या होत्या, रोजावर. सभेत माझ्यावर ओरडली होती तीच सगळ्यांत पुढे. "बढती मिळाली का?" म्हणाली. मी म्हटलं, मिळाली ना, चर खणायची. दोघी हसलो.

२७ एप्रिल

चर फसला. दगडांवर गंजाची साल चढली, चुना आतच कोंडला, पाणी जसं आंबट येतं तसंच जातं. मी दगड फोडून पाहिला, आतून पांढरा शुभ्र, काही उपयोग नाही. साहेबांचा फोन आला, "काय झालं?" मी सांगितलं, फसला. ते म्हणाले, "मग?" मी म्हटलं, "मग दुसरा."

आता दगडाऐवजी कालवलेला चुना धारेने सोडायचा आणि पुढे दोन तळी, एकात गंज बसेल, दुसऱ्यात उरलेलं. बसलेला गाळ वेळोवेळी काढून लांब, कोरड्या जागी पुरून टाकावा लागेल. हे काम कायमचं आहे. खाण थकणार नाही, मग आपल्यालाही थकून चालणार नाही.

१९ मे

तळ्यातून बाहेर पडणारं पाणी आज तपासलं, गाळून आणि न गाळता, दोन्ही. दोन्हीत चांगलं. संपूर्ण नाही. कॅडमियम अजून चिवट आहे, चुना थोडा वाढवावा लागेल. गाळणकागद मी वाळवून कपाटात ठेवले. आता केरात काही टाकत नाही.

वन्संच्या सुनेला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी चांगल्या. वन्संनी नवऱ्याकडून निरोप पाठवला, "बाळाच्या आत्याला म्हणावं, माझ्या घरी पाऊल टाकायचं नाही असं मी म्हटलं होतं ते मोठ्यांचं भांडण होतं. बाळाला बघायला ये." आत्या मी कशी होईन, नात्याने आजी लागते, पण चुकीचं नातं दुरुस्त करायची ही वेळ नव्हती. गेले.

६ जून

शेवटी सरकारी आदेश आला. दोन्ही पट्ट्यांवर बंदी, निदान काही वर्षं. गाळावर नवा, स्वच्छ थर चढेपर्यंत. बरोबर फलकाचा मजकूरही आला होता. रंग आणि फळी घेऊन मी आणि नवरा काठावर गेलो. वन्सं आधीच तिथे, हातात कुदळ, खड्डा खणून तयार.

मी मजकूर वाचून दाखवला, "सदर क्षेत्रातील द्विकपाटी जलचरांच्या संकलनास व सेवनास पुढील आदेशापर्यंत मनाई करण्यात येत आहे."

"हे वाचून होईपर्यंत माणूस टोपली भरून घरी जाईल," वन्सं म्हणाल्या. "खोड ते."

"वन्सं, सरकारी आहे."

"सरकारचं खाली बारीक लिही. वर मी सांगते ते मोठ्याने लिही."

मी ब्रश बुडवला. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं.

इथले शिंपले खाऊ नका. आम्हीही खात नाही.

वन्संनी अक्षरं नीट पाहिली. "'ही'वर जरा जास्त रंग दे," म्हणाल्या. मग आम्ही तिघांनी मिळून फळी उभी केली. मी धरली, नवऱ्याने माती लोटली आणि वन्संनी ती पायाने दाबून दाबून घट्ट केली.